स्वयंपाकघरातला ट्रम्पेटवाला

तुळशीची लग्नं लागली की बेलापुरात दोन वास पाठोपाठ येतात. पहिला साखर फॅक्टरीकडचा, मळीचा. गोडसर, जरा आंबलेला, सकाळच्या गारठ्यात जमिनीलगत बसून राहणारा. दुसरा आमच्या बँडच्या दुकानातला. पावसाळाभर पेटीत पडलेले लाल कोट आमचे मालक आप्पा बाहेर काढून दोरीवर टाकतात आणि डांबरगोळ्यांचा वास पार रस्त्यापर्यंत जातो. शेजारचा सलूनवाला नाकाला टॉवेल लावून म्हणतो, "आली का तुमची दिवाळी." मग चिंच भिजत घालायची आणि त्या कोळाने पितळ घासायचं. बोटं काळी होत जातात, ट्रम्पेट उजळत जातं, आणि घासता घासता त्याच्या फुगीर कडेत आपलं तोंड दिसायला लागतं, नाक मोठं आणि कान कुठल्या कुठे गेलेलं.

यंदा मी एकच ट्रम्पेट घासलं. तीन वर्षं एकच घासतोय. चिंच मात्र हात सवयीने दोघांपुरती भिजत घालतो.

मी इकडचा नाही. सावंतवाडीच्या खालच्या अंगाला आमचं गाव, जिथे कुठेही उभं राहिलं तरी डोळ्यापुढे डोंगर येतो. नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे वडील गेले त्या पावसाळ्यात घरी राहिलो आणि पुन्हा गेलोच नाही, कुणी बोलवायलाही आलं नाही. मामाची बेंजो पार्टी होती, तिथे ट्रम्पेट हातात आलं. बावीस वर्षांचा असताना कुणीतरी सांगितलं की देशावर लग्नं फार, वाजवणारे कमी. म्हणून एका लग्नसराईपुरता इथे आलो. ती लग्नसराई अजून चालूच आहे.

इथे आल्यावर पहिले काही दिवस मला सपाटीची भीती वाटायची. चारी बाजूंना ऊस, त्यापलीकडे आभाळ, नजर टेकवायला काही नाही. तसं मला सगळ्याचंच भय लवकर वाटतं. टेम्पो चुकेल, कोटाचं बटण ऐन मांडवात तुटेल, पहिलाच सूर फुटेल. आई फोनवर विचारायची, "जेवलंस? कधी येतलंस?" मी म्हणायचो, जेवलो, येतो. दोन्ही तितकंसं खरं नसायचं. बाजरीची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नव्हती आणि ते सांगायचं कुणाला, हे कळत नव्हतं.

ते शमुवेलकाकांना कळलं. काका आमच्या बँडचे पहिले ट्रम्पेटवाले. तेव्हा पन्नाशीचे होते, उंच, काळेसावळे, वरच्या ओठावर मधोमध एक गोल घट्टा पडलेला, जसा नांगर धरणाऱ्याच्या तळहाताला पडतो. रविवारी सकाळी चर्चमध्ये गीतांना साथ करायची आणि बाकी लग्नाच्या तिथ्यांना मांडव, असं त्यांचं आयुष्य चाललेलं. एकदा पंगतीत मी भाकरी कुस्करून नुसती इकडची तिकडे करत होतो. काका शेजारी होते. म्हणाले, "कोकण्या, तुला भात पायजे ना? मग तोंड हाय की तुला. फक्त फुकायलाच वापरतो व्हय?" त्या रविवारी ते मला घरी घेऊन गेले. रूथकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पातेलंभर भात लावला होता. वर सुक्या बोंबलाची चटणी. बोंबील श्रीरामपूरच्या बाजारातून मुद्दाम आणलेले. मी मान खाली घालून जेवलो. मान वर केली असती तर रडलो असतो.

दोन ट्रम्पेटवाल्यांची ती रेकॉर्ड मी त्याच घरात पहिल्यांदा ऐकली.

काकांचे वडील मिशनच्या एका दवाखान्यात माळी होते. तिथल्या परदेशी डॉक्टरीणबाई कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी सामान वाटून टाकलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला भांडी. माळीबुवांचा मुलगा तोंडाने पिपाणी वाजवतो हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, त्याचे दोन लाकडी स्पीकर आणि एकच रेकॉर्ड त्या मुलाला दिली. अमेरिकेतली, पन्नाससाठच्या दशकातली असावी. कव्हरवर दोन माणसं, अंगात कोट, दोघांच्या हातात ट्रम्पेट. एकाचे डोळे मिटलेले आहेत आणि दुसरा त्याच्याकडे बघतोय. नावं इंग्रजीत आहेत. मला अक्षरं लागतात, पण शब्द पुरा होईपर्यंत पहिलं अक्षर निसटतं. काकांनी नावांची भानगडच ठेवली नव्हती. त्यांनी एकाला थोरला म्हटलं, दुसऱ्याला धाकटा.

आता त्या दोन स्पीकरची गंमत सांगायला हवी. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खाट, कपाट, टेबलावर पवित्र शास्त्र आणि ते यंत्र. दोन स्पीकर मावेनात. काकू म्हणाल्या, "एक माझ्याकडं द्या. मी काय नुसत्या भाकरीच थापू?" काकांनी दारावरच्या भिंतीला भोक पाडलं, वायर ओढली आणि एक स्पीकर स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. रेकॉर्ड अशी भरलेली होती की एक ट्रम्पेटवाला एका स्पीकरमधून यायचा आणि दुसरा दुसऱ्यातून. त्यामुळे थोरला कायम पुढच्या खोलीत वाजवायचा आणि धाकटा कायम स्वयंपाकघरात. इतकी वर्षं त्या घरात हे असंच चाललं होतं. काका थोरल्याला ओळखायचे, त्याचा श्वास कुठे तुटतो तेसुद्धा त्यांना पाठ. काकू धाकट्याला ओळखायच्या. त्याला त्या नुसतं "माझा" म्हणायच्या. "आज माझा जरा दबून वाजवतोय, पाऊस हाय म्हनून काय?" रेकॉर्डवरचा माणूस पाऊस बघून वाजवत नाही, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. आणि खरं सांगायचं तर पावसात तो दबूनच वाजायचा.

मी पाहुणा. मला काकू स्वयंपाकघरात पाट द्यायच्या, कांदे चिरायला. म्हणून माझ्या वाट्याला धाकटा आला. त्याचं वाजवणं मला सोपं वाटायचं, म्हणजे अवघडच होतं, पण ते घाई करत नव्हतं. थोरला पुढच्या खोलीत काहीतरी लांबलचक, डौलात बोलायचा. आमच्याकडे ते पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखं पुसट यायचं. तो थांबला की एक क्षण काहीच नसायचं, नुसता फोडणीचा चर्र आवाज. मग मिठाच्या बरणीशेजारून धाकटा सुरू व्हायचा, हळू, त्याचंच वाक्य जरा वाकवून. कधी कधी मी कांदे घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसायचो. तिथे दोघंही सारखे ऐकू येत. काकू म्हणायच्या, "उंबऱ्यावर बसू नये, कर्ज होतं." मी उठायचो आणि पुन्हा धाकट्यापाशी यायचो.

लोकांना आमच्याकडून मुकाबला हवा असायचा. दोन ट्रम्पेट दिसले की वरातीतला कुणीतरी ओरडणारच, "होऊ द्या मास्टर, कोण भारी बघू." काका मुकाबला करत नसत. त्यांनी मला रेकॉर्डवर बोट ठेवून सांगितलं होतं, "ह्यांची भांडनं न्हाईत. एक बोलतो तवा दुसरा ऐकतो. येवढंच हाय, पण लई अवघड हाय." वरातीत आम्ही तेच करायचो. दोन-दोन तास चालत वाजवायचं, चढ असला तरी, समोर फटाक्यांचा धूर असला तरी. एकाच्या ओठांनी ते होत नाही. म्हणून गाण्याची प्रत्येक ओळ मधून वाटून घ्यायची. पहिला अर्धा काकांचा, दुसरा माझा. ते वाजवताना मी श्वास घ्यायचा, मी वाजवताना त्यांनी. जोड कुठे आहे ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. "दम संपायच्या आधी थांबायचं," काका म्हणायचे. "संपल्यावर थांबला तर लोकांना कळतं." पंधरा वर्षं आम्ही असं वाजवलं. शिर्डीकडच्या लॉनवर, राहत्याच्या मळ्यांत, नेवाशाच्या बाजूला, जिथे वरात मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायची. मी काकांकडे बघत नसे. त्यांच्या छातीतली हवा शेवटच्या घोटाला आली की माझी मान आपोआप ताठ व्हायची.

त्या पंधरा वर्षांत मला भीती कमी वाटायची. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग ती लग्नसराई आली. तीन वर्षांपूर्वीची. थंडी कडक होती, उसाच्या ट्रॉल्यांमागून पाचट उडत होतं, आणि पितळ इतकं गार की फुंकायच्या आधी तोंडाकडची वाटी काखेत धरून ऊबवावी लागे. काकांचे पुढचे वरचे दात दिवाळीपासून हलत होते. आयुष्यभर त्या दातांवर पितळ दाबलेलं. श्रीरामपूरच्या दातांच्या डॉक्टरने सांगितलं, चार काढायला हवेत. काढले. कवळी बसायला महिना-दीड महिना लागेल, तोवर हिरड्या भरू द्या.

दात नसलेला माणूस भाकरी खाऊ शकतो, भाषण करू शकतो. ट्रम्पेट वाजवू शकत नाही. ओठ आत जातो, मागे टेकू नसतो आणि नुसती हवा निसटते.

आप्पा वाईट माणूस नाहीत. पण त्यांचा नियम साधा आहे. ज्याच्यातून आवाज निघत नाही त्याने दुकानात बसायचं. आणि एकदा दुकानात बसलेला माणूस पुन्हा पुढच्या रांगेत आलेला मी पाहिलेला नाही, त्याच्या जागी मालेगावचा कुणी येतो आणि राहतो. काकांना दुकानात बसायचं नव्हतं. ते तसं बोलले नाहीत. काकूंनी पहिल्या तिथीच्या आदल्या दिवशी त्यांचा कोट इस्त्री करून खाटेवर ठेवला होता आणि काका त्याच्याकडे पाठ करून बसले होते. मला राहवलं नाही. म्हणालो, "काका, तुम्ही नुसते उभे राहा. दोघांचं मी ओढतो."

काकांनी मान वळवून एकदा कोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "फुटशील कोकण्या."

"नाही फुटत."

"लोकं हसतील."

"लोकं नाचत असतात, काका. कोण बघतंय."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "जाऊ द्या. घरात बसून माझं डोकं खानार, त्यापेक्षा उन्हात हुबं ऱ्हावा."

आणि खरंच कुणी पाहिलं नाही. त्या दीड महिन्यात काका कोट घालून, टोपी घालून, ट्रम्पेट ओठांना लावून माझ्या उजव्या हाताला चालत राहिले. त्यांची बोटं पिस्टनवर बरोबर पडायची, जिथे त्यांची ओळ असेल तिथे गाल फुगायचे, आणि सूर माझा निघायचा. गल्ल्या वळताना वऱ्हाडातल्या बायका म्हणायच्या, "म्हाताऱ्यात काय दम हाय बघ." आप्पा पुढे काठी घेऊन चालत असायचे, त्यांचं लक्ष वाहतुकीकडे. ताशेवाल्याला बहुधा कळलं होतं. त्याने एकदा माझ्या हातात खडीसाखर ठेवली.

दोघांचं वाजवणं म्हणजे काय, ते शरीराला विचारावं. श्वास घ्यायची जागाच उरत नाही. मी ओळीच्या मधे, शब्दाच्या पोटात, नाकाने चोरून हवा ओढायला शिकलो. घरी आल्यावर ओठ सुजलेले, चहा झोंबायचा. पण खोटं का बोलू, त्यात सुखही होतं. माझ्यासाठी भात शिजवणाऱ्या माणसासाठी मी काहीतरी करत होतो. ऋण फेडता येत नाही हे माहीत होतं, तरी फेडल्यासारखं वाटायचं. कृतज्ञ माणसाने जपून राहावं. आपण किती उपयोगी पडतोय, याची त्याला चटक लागते.

माघात कवळी आली.

काका रोज सकाळी प्रवरेच्या काठाला जाऊ लागले. मी अंथरुणात पडून ऐकायचो. पाण्यावरून आवाज लांब येतो. पहिले काही दिवस नुसता फसफसाट. मग एखादा सूर, थरथरता, वासराच्या पायांसारखा. मग दोन. पंधरा-वीस दिवसांनी एक अख्खी ओळ. एकाच गाण्यातली, पुन्हा पुन्हा तीच. आवाज पूर्वीचा नव्हता, कडेने हवा जायची, पण तो काकांचाच होता. रविवारी जेवताना काका म्हणाले, "बुधवारच्या लग्नात अंतऱ्याची दुसरी ओळ मी घेतो. तेवढीच. बाकी तू."

मी म्हणालो, "होय काका."

काकू म्हणाल्या, "कवळी मुंडावळ्यात पडंल, जपून." आम्ही हसलो.

लग्न शिर्डीच्या रस्त्यावरच्या एका लॉनवर होतं. शेजारच्या लॉनवर दुसरं लग्न आणि त्यांचा डीजे. जमीन हादरत होती. वरात कमानीपाशी आली, नवरदेवाची घोडी बिचकली, पोरं घोडीपुढे नाचत होती. आम्ही ते गाणं सुरू केलं. अंतऱ्याची पहिली ओळ मी घेतली. दुसऱ्या ओळीची जागा जवळ येत होती. माझ्या उजवीकडे काकांनी खांदे वर घेतले. छाती भरली. ट्रम्पेट उचललं. मला ते सगळं न बघता दिसत होतं, पंधरा वर्षं दिसत आलं होतं.

आणि मला भीती वाटली. फसफसाट झाला तर? एवढ्या लोकांत नुसती हवा निघाली तर, पोरं वळून बघतील, कुणीतरी हसेल, आप्पा वळतील, आणि इतके दिवस आम्ही काय करत होतो ते एका क्षणात उघडं पडेल. हे सगळं एका पावलाच्या अंतरात डोक्यात येऊन गेलं. मी थांबलो नाही. त्यांची ओळ मी वाजवली. नाकाने हवा चोरून, न तुटता, पुढच्या ओळीला जोडून. चांगली वाजली. त्या सबंध हंगामात मी इतकं चांगलं वाजवलं नव्हतं.

काकांचं ट्रम्पेट ओठांपासून दोन बोटांवर तसंच होतं. मग त्यांनी ते हळूच खाली घेतलं. गाल फुगवले नाहीत, बोटंही हलवली नाहीत. उरलेली वरात ते नुसते चालले, हातात छत्री धरावी तसं ट्रम्पेट धरून.

परतताना टेम्पोत ते माझ्यासमोर बसले होते. ढोलावर हनुवटी टेकून. बाभळेश्वर गेलं, कोल्हार गेलं. पुलावरून जाताना म्हणाले, "बरं वाजवलंस."

पुढच्या तिथीला ते आले नाहीत. काकूंनी धुतलेला कोट आप्पांकडे पोचवला. आप्पा म्हणाले, वय झालं आता, ठीक आहे. चैत्र संपता संपता मनमाडला दिलेली त्यांची मुलगी आली, आईवडिलांना आपल्याकडे घेऊन गेली. यंत्र, दोन स्पीकर आणि ती रेकॉर्ड माझ्या भाड्याच्या खोलीत ठेवून गेले. माझ्या खोलीला दुसरी खोली नाही. दोन्ही स्पीकर एकाच भिंतीला लावले, थोरला आणि धाकटा शेजारी शेजारी वाजायला लागले, आणि मला ते जमेना. गर्दी वाटायची. यंत्राची सुई झिजली तेव्हा, खरं तर, सुटल्यासारखं झालं. मग आप्पांच्या मुलाने कव्हरच्या फोटोवरून तीच रेकॉर्ड मोबाईलवर शोधून दिली. कानात बोंडं घातली की एक या कानात, एक त्या कानात. आवाज किती स्वच्छ. थोरल्याने सूर सोडताना घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. पण आपल्याला बसायला जागा मात्र स्वतःच्या डोक्यातच. तिथे फोडणी पडत नाही, तिथून कुणी उठवत नाही.

आता बँडमध्ये ट्रम्पेट मी एकटाच. बाकीचं काम गाड्यावरचा स्पीकर करतो. आप्पा हल्ली सांगतात, "मास्टर, मधे थांबताय तुमी. पब्लिक थंड पडतं." मला आधी पटलं नाही. मग कुणीतरी मोबाईलवर काढलेलं आमचं वाजवणं बघितलं. खरंच थांबतो मी. ओळ अर्धी झाली की तोंडापासून ट्रम्पेट किंचित सुटतं, मान उजवीकडे कलते, आणि नाचणारी पोरं हात वर धरून एक क्षण तशीच राहतात. दमासाठी नाही. दोघांचं एकट्याने कसं वाजवायचं ते मला येतं, सिद्ध करून बसलोय. आप्पा म्हणाले, यंदाही हेच चाललं तर दुसरा माणूस बघावा लागेल. ते ठीक आहे, मालक आहेत. मला रात्रंदिवस खात होतं ते वेगळंच होतं. "बरं वाजवलंस" म्हणजे काय? तो टोमणा होता का? त्यांच्या मनाला लागलं का? त्यांना वाजवता आलं असतं का? मी त्यांना वाचवलं की उठवलं?

तीन वर्षं फोनवर मी त्यांची तब्येत विचारली, काकूंचे गुडघे विचारले, मनमाडचं पाणी विचारलं. हे विचारलं नाही.

यंदा तुळशीची लग्नं झाली आणि पहिल्या तिथीला आठवडा होता. मी सकाळी स्टेशनवर गेलो. श्रीरामपुरातल्या स्टेशनाला बेलापूर म्हणतात, याचं मला पहिल्या दिवशी जे नवल वाटलं होतं ते अजून थोडं उरलंय. गाडीत खिडकीशी बसून मी वाक्य जुळवत होतो. काका, त्या दिवशी मी थांबलो नाही, ते मला येत होतं म्हणून नव्हे. मी भ्यालो होतो. तुमच्यावर माझा भरवसा राहिला नाही. एवढं बोलायचं आणि मग ते काय म्हणतील ते ऐकायचं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मनमाडला मुलीचं घर रेल्वेच्या चाळींमागे आहे. काका दारासमोर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. बारीक झालेत. कवळी घालत नाहीत आता, म्हणून तोंड आत ओढलेलं, आणि वरच्या ओठावरचा घट्टा कुठे शोधूनही दिसेना. मला बघून उठले नाहीत, पण दोन्ही हात पुढे केले. शेजारी बाकावर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, पेपर वाचत. काकांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली.

"पाटील, हा बघा. हाच तो."

"कोन, तो कोकणातला?"

"व्हय. एकटा दोघांचं वाजिवतो." बोलताना शब्दांतून हवा निसटत होती. "मी शेजारी हुबा. माझी वळ आली, मी टरम्पेट उचललं. आता हा थांबंल, मंग थांबंल. थांबलाच न्हाई. अशी काय वळ जोडली गड्यानं, मलाच कळंना कुटं जोडली. मी म्हनलं शमुवेल, पोरगा तयार झाला. आता आपलं काम हितं न्हाई. दुसऱ्या दिशी कोट धुऊन देला."

पाटलांनी पेपर खाली ठेवला. "तुमी सांगता ते गोष्टीसारखं वाटतं, मास्तर. रोज ऐकतो मी हे."

"मंग इचारा की त्याला. समोर बसलाय." काका माझ्याकडे वळले. "सांग रं. तू तयार हुतास म्हनून थांबला न्हाईस ना?"

आतून काकू चहाचे कप घेऊन येत होत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. कदाचित पहिल्यापासूनच माहीत असेल.

गाडीत जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. तीन वर्षं त्याचं वजन मी एकट्याने उचललं होतं, आणि ते आज दोघांत वाटून घ्यायचं म्हणून मी आलो होतो. पण काकांनी त्या एका ओळीवर स्वतःचं सगळं म्हातारपण उभं केलं होतं. रोज उन्हात बसून ते हेच सांगत होते. त्यांना कुणी बाजूला केलं नव्हतं, ते आपल्या पायांनी बाजूला झाले होते, त्यांचं काम पुरं झालं होतं म्हणून.

"होय काका," मी म्हणालो. "तयार होतो."

"बघा," काका पाटलांना म्हणाले.

काकूंनी माझ्या हातात कप दिला आणि क्षणभर सोडला नाही. मग आत गेल्या. ऊन एव्हाना दारासमोरून सरकून भिंतीकडे गेलं होतं. काकांनी दोन्ही हातांनी खुर्ची उचलली, बसल्या बसल्या वीतभर बाजूला नेली आणि रिकाम्या झालेल्या उन्हाकडे बोट केलं. मी तिथे बसलो.